मेन पाडला तो शनिवार

ही गोष्ट मी कित्येक वर्षं टाळली. शाळेच्या आठवणी सांगायला कुणी बसवलं, की मी गळक्या छपराच्या, सहलीच्या, चिखलात रुतलेल्या एसटीच्या गोष्टी सांगतो. संगणकाच्या खोलीपाशी आलो की विषय बदलतो. आता वय झालं आहे. ज्यांच्यासमोर माझं नाव जपायचं होतं त्यांतले बरेच जण राहिलेले नाहीत, म्हणून लिहितो.

भिवंडीहून वज्रेश्वरीला जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात आमची शाळा होती. दोन हजार सालानंतरचा काळ. शाळेला चार संगणक मिळाले तेव्हा आमच्या केंद्रातल्या अकरा शाळांमध्ये संगणकाचं प्रशिक्षण घेतलेला मी एकटाच. खोलीची किल्ली माझ्या खिशात असे. चपला बाहेर, बोलणं बंद. चारही यंत्रांवर बायकोने शिवलेल्या निळ्या झाकण्या. एका संगणकाभोवती दहा मुलं, माऊस एकाच्या हातात, बाकीची माना उंचावून उभी. शेजारच्या शाळांचे मुख्याध्यापक साधं पत्र टाइप करायचं तरी माझ्याकडे येत. “गुरुजी, तुमच्याशिवाय आमचं काय खरं न्हाय,” म्हणत. ते पुन्हा ऐकायला मिळावं म्हणून मी पत्र मुद्दाम उद्यावर ढकलत असे.

मग त्या बाई आल्या. भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या, घरचे लूम म्हणजे यंत्रमाग असलेल्या मुसलमान कुटुंबातल्या, माझ्या निम्म्या वयाच्या. रोज बसने येत. शहरातल्या एका कचेरीने काढून टाकलेले बारा जुने संगणक त्यांनी मागून आणले. मी उघडून पाहिले. बहुतेकांच्या हार्डडिस्क गेलेल्या.

“भंगार आहे बाई.”

“हार्डडिस्क नकोच आहे सर. एक चांगलं मशीन आणू, तो आपला सर्व्हर. सगळं काम त्याच्यात चालेल, हे बारा नुसते पडदे. आमच्या आजोबांच्या कारखान्यात एकच मोटर फिरायची आणि पट्ट्यांवर सगळे माग चालायचे. तसंच.”

मी हसलो. महिनाभरात ते चालू झालं आणि हसणं थांबलं.

प्रत्येक मुलाला स्वतःचं नाव आणि परवलीचा शब्द मिळाला. कुठल्याही पडद्यासमोर बसा, आपलं अर्धवट काम आपल्यापुढे हजर. चौथीतल्या एका मुलीने खिडकीजवळ बसून होडी काढायला घेतली होती. दुसऱ्या दिवशी तिला दाराजवळची जागा मिळाली, तर होडी तिथे. ती ओरडली, “बाई, माझी होडी चालत आली!” सगळा वर्ग उठून बघायला धावला. चपला घालूनच.

तीच मुलगी जाता जाता मला म्हणाली, “गुरुजी, आता झाकण्यांचं काय? हे बारा हायत, तुमच्याकडं चारच.”

पोरं खिदळली. बाईंनी तिला दटावलं. मुलीच्या बोलण्यापेक्षा बाईंनी माझी बाजू घेतली, तेच मला जास्त झोंबलं.

त्यानंतर मी मनातल्या मनात नोंद ठेवू लागलो, खोलीच्या दारात येऊन कोण काय विचारतो याची. मी समोर खुर्चीवर बसलेला असताना मुख्याध्यापक विचारत, “बाई आहेत का?” घरी जेवताना मी बायकोला सांगायचो, “तो एक सर्व्हर बसला की बाराच्या बारा बंद. मग कळेल.” इतक्यांदा म्हणालो, की ते घडावं अशी वाट बघू लागलो.

तेवढ्यात कळलं, की सोमवारी शिक्षण खात्याचे साहेब पाहणीला येणार. त्यांना पसंत पडलं तर अकराही शाळांत हीच पद्धत लावायची आणि ती लावून द्यायला बाईंना वर्गातून मोकळं करायचं. केंद्राचा संगणकाचा माणूस, ही माझी जागा. ती सोमवारी जाणार होती.

आधीच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली. बाईंच्या चुलत बहिणीचा निकाह होता, बस चुकवून चालणार नव्हतं. सर्व्हरवर मुलांच्या सगळ्या कामाची दुसऱ्या डिस्कवर नक्कल चालली होती, तिला आणखी तासभर हवा होता.

आमचे शिपाईमामा आधी सोळा वर्षं लूमवर होते. शिफ्ट सुटली की मेन स्विच पाडायचा, नाहीतर एका ठिणगीने रुई पेटते, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. शाळेतही खिडक्या लावण्याआधी ते मेन पाडत. बाईंनी त्यांना शिकवलं होतं, आधी सर्व्हर बंद करायचा, मग मेन, नाहीतर त्याची डिस्क बिघडते. त्यांना ते पटत नसे, पण विचारल्याशिवाय हात लावत नसत.

“सर, तेवढं बघाल? नक्कल पुरी झाली की बंद करा. मामांना तोवर मेन पाडू देऊ नका.”

“जा तुम्ही निवांत. मी आहे ना.”

त्या गेल्या. थोड्या वेळाने मामा दारात आले.

“गुरुजी, पाडू?”

नक्कल किती झाली ते दाखवणारी पडद्यावरची रेघ अर्ध्याच्या थोडी पुढे सरकली होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, “पाडा.”

पंखा थांबला. सर्व्हर मात्र बंद झाला नाही. खालचा यूपीएस आपल्या बॅटरीवर दहा मिनिटं तग धरत असे. तो वाजू लागला. मामा परत आले.

“हे काय वाजतंय वो?”

“वाजू दे. थांबेल आपोआप.”

मेनचा बोर्ड बाहेरच होता, चार पावलांवर. मी खुर्चीतून उठलो नाही. ते टीं टीं हळूहळू घाईचं झालं आणि मग थांबलं. मी निळी झाकणी घातली, कुलूप लावलं.

सोमवारी बाराही पडद्यांवर काळ्यावर पांढरी एकच ओळ आली. सर्व्हरची डिस्क गेलेली, दुसऱ्या डिस्कवर नक्कल अर्धवट, वाचता न येणारी. साहेब म्हणाले, “एक बिघडलं की सगळंच बसतं, असली पद्धत काय कामाची?” वाक्य माझं होतं. सकाळच्या चहाला मीच ते त्यांना पुरवलं होतं.

मामा पुढे झाले. “साहेब, मेन मी पाडला. लूमची सवय हाय.” त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. बाई म्हणाल्या, “त्यांची चूक नाही. मी तेव्हा जायलाच नको होतं.” सरांना सांगून गेले होते, हे त्यांनी साहेबांसमोर उच्चारलं नाही. नंतर व्हरांड्यात मला हळूच विचारलं, “सर, विसरलात का?”

मी मान डोलावली. विसरलो.

बारा पडदे अडगळीच्या खोलीत गेले. चौथीतली ती मुलगी कितीतरी दिवस विचारत राहिली, होडी कुठे गेली. बाईंनी वर्षाअखेरीस दुसऱ्या तालुक्यात बदली मागून घेतली. केंद्राचा संगणकाचा माणूस मीच राहिलो, निवृत्त होईपर्यंत.

निवृत्तीनंतर, बाई सुट्टीत घरी आल्याचं कळलं तेव्हा, मी निजामपुऱ्यात गेलो. घर शोधायला त्रास पडला नाही. बाईंनी दारातूनच वडिलांना हाक मारली, “अब्बा, आमचे सर आलेत. संगणकाची खोली मला ह्यांनीच उघडून दिली.” म्हातारबाबा उठून उभे राहिले. “बसा सर, बसा. पोरगी तुमचं नाव काढते नेहमी.” शेजारच्या लूमची खडखड एवढी, की सगळं मोठ्याने बोलावं लागत होतं. अशी गोष्ट मोठ्याने सांगायची मी तयारी केलेली नव्हती.

“बाई, त्या शनिवारी...” मी सुरुवात केली.

“जाऊ द्या हो सर. विसरतं माणूस. घाई मीच केली.” आणि त्यांनी सरबताचा पेला पुढे केला. मी तो घेतला, प्यायलो, सरबत छान झालंय म्हणालो.

पुढे त्या नवऱ्याबरोबर परदेशी गेल्याचं ऐकलं. पत्ता मिळाला असता. मी विचारला नाही. त्या खडखडीतही ऐकू गेलं असतं, असं एकच वाक्य म्हणायचं होतं: बाई, मला माफ करा, मी विसरलो नव्हतो.