निंबाच्या रोपावरचा पाय

पर्यावरण हा शब्द वऱ्हाडात पोचायच्या आधीच बाळापूरच्या एका हमालानं ते काम उरकून ठेवलं होतं. सरकी काढायच्या जिनात कापसाच्या गाठी उचलायचा आणि सुट्टीला गावाबाहेरच्या बरड जमिनीवर निंब लावून नदीचं पाणी कावडीनं घालायचा. जमीन अशी तापायची, की कावळा एका पायावर उतरे आणि दुसरा टेकायच्या आत उडून जाई. वीसेक वर्षांनी मी गेलो, तर भर मे महिन्यात त्या सावलीत मला स्वेटर आठवलं.

साठ सालानंतर सरकारी माहितीपटवाल्यांची जीप तिथं निघाली. त्यांना वऱ्हाडी कळेना, म्हणून मुलाखत घ्यायला अमरावतीहून मला, एका शाळामास्तराला, उचललं. फिल्मचा एकच डबा उरला होता. त्यात तो हमाल, आता म्हातारा झालेला, बोलला तर ठीक, नाहीतर त्याला वगळून एखादं धरण दाखवणार होते.

कॅमेरा सुरू झाला आणि म्हातारा खांबासारखा ताठला. श्वाससुद्धा बंद.

"बाबाजी, बोला ना!"

ओठ न हलवता तो पुटपुटला, "फोटू बिघडन."

"याच्यात हललं तरी चालते."

"अकोल्याच्या फोटूवाल्यानं सांगतलं होतं, हललास तं दोन तोंडं येतीन."

जन्मात एकच फोटो काढलेला. त्याची शिस्त त्यानं जपली होती. अर्धी फिल्म त्या शिस्तीत गेली. हताश होऊन मी दोन पावलं मागं सरकलो.

"ए मास्तर! पाय उचल! डोये फुटले काय तुये?"

माझ्या बुटाखाली वीतभर निंब होता. म्हातारा गुडघ्यांवर बसून तो सरळ करू लागला. "तीन डाव लावलं हे. एकदा बकरीनं खाल्लं, एकदा उन्हानं नेलं. यंदा जगून राहिलं, तं तू आला बूट घालून!"

मी हळूच विचारलं, "जमीन कोणाची हाय बाबाजी?"

"कोनाचीच नाई. म्हनून तं पानी घालतो. जिले मालक हाय, तिले तो घालतेच."

कॅमेरा गुरगुरत होता. तेवढ्यात फिल्म संपली.

अमरावतीत शाळेच्या पटांगणात पडदा लावून तो पट दाखवला, तेव्हा माझी पाठ, माझा बूट आणि मला बसलेल्या शिव्या सगळ्या विद्यार्थ्यांनी पाहिल्या. पाय मी मुद्दाम ठेवला होता, असं त्यांना सांगितलं. अजूनही सांगतो.

बाळापुरात मात्र ही थाप चालली नाही. पुढं कधीही गेलो, की म्हातारा आधी मला बूट रस्त्यावरच काढायला लावी आणि कावड खांद्यावर देई. तो निंब वाकडाच वाढला. त्याला पहिलं पाणी माझं.