मोठ्या मॉनिटरची खंडेनवमी

लिनक्स अपडेट करायला दसऱ्याचा मुहूर्त धरणारी बाई सगळ्या सोलापुरात मी एकटीच असेन. आ बैल मला मार, दुसरं काय!

मी चादरींची डिझाइनं करते. कॉम्प्युटरवर एकेक चौकोन भरायचा, काळा म्हणजे धागा वर, पांढरा म्हणजे खाली, आणि ती फाइल अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यात पाठवायची. तिथल्या पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसांना वैतागून मीच विंडोज काढून लिनक्स टाकून घेतलं. टेबलावर दोन मॉनिटर. छोटा माझा, मोठा माझ्या सासऱ्यांचा. त्यांना मी मामा म्हणते. मामा नातेपुत्याकडचे, घरी मेंढरं होती, आई घोंगड्या विणायची. त्यांचा स्वतःचा जन्म इथं मागावर गेला. आता काचबिंदू झालाय. म्हणून मोठ्या मॉनिटरवर चौकोन हरभऱ्याएवढे करून दाखवायचे, मामा पार नाक लावून बघणार आणि म्हणणार, "बरोबर हाय, पाठव." त्याशिवाय माझी एक फाइल घराबाहेर जात नाही.

कारखान्यात दसऱ्याला संध्याकाळी पाच वाजता एकाच मागावर नव्या डिझाइनचा मुहूर्त करतात. यंदा मालकांनी मामांच्या आईच्या घोंगडीचा काठ घ्यायचं कबूल केलं होतं. मामा महिनाभर आठवून आठवून सांगत होते आणि मी भरत होते. "आवंदाच व्हायला पायजे पोरी," म्हणायचे, "फुडच्या दसऱ्याला डोळं हायत का न्हाईत, कुणाला ठावं."

खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजायची, तर आमच्या घरात हत्यार म्हणजे कॉम्प्युटर. वायरी काढून सीपीयू पाटावर आडवा ठेवला. पूजा मामांनी केली. मी आत पुरण वाटत होते. दसऱ्याला सकाळी सीपीयू टेबलाखाली सरकवला, वाकून चाचपत वायरी जोडल्या आणि मोठा मॉनिटर चालू करायच्याही आधी शुभमुहूर्तावर अपडेटचं बटण दाबलं. त्यात ग्राफिक्स कार्डाचं, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या भागाचं, नवं ड्रायव्हरही होतं.

छोटा मॉनिटर लागला. मोठा काळा ठिक्कर.

मग काय, बसले! कमांड देऊन विचारलं, किती मॉनिटर आहेत? उत्तर आलं, एक. अरे, समोर एवढं धूड दिसतंय की! जुनं ड्रायव्हर घातलं, तर छोटाही गेला. कपाळ माझं! कसाबसा कॉम्प्युटर जुन्या कर्नलवर, म्हणजे अपडेटआधीच्या लिनक्सवर, चालू केला, जुनं ड्रायव्हर उपटून काढलं, नवं परत घातलं. कुठल्याशा फोरमवर विचारलं, तर एक म्हणतो एररचा लॉग टाका, दुसरा म्हणतो माझ्याकडं तर चालतंय. चालतंय तर बस की बाबा गप! उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे.

दोन वाजले. मामा दर पंधरा मिनिटांनी दारात. "लागला का गं?"

"लागला की सांगते ना, मामा!" मी खेकसले. सणाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसावर खेकसले, त्याचाही राग आला आणि तोही मी ड्रायव्हरवरच काढला.

साडेतीनला मी सगळं बंद केलं, वायरी उपसल्या आणि सीपीयू रागारागानं उजेडात ओढला. बघते तर मागच्या बाजूला, पंख्याच्या जाळीवर, हळदकुंकवाची पाच बोटं. आणि मोठ्या मॉनिटरची वायर जिथं जाते त्या खाचेत अक्षतेचा एक दाणा. त्यामुळं पिन पुरती आत बसलीच नव्हती. अगं बाई! सकाळपासून चोर सोडून संन्याशाला फाशी!

केसातली पिन काढून दाणा उकरला. हसू यायला लागलं होतं. मग हात थांबला. मामा काटेकोर माणूस. मागाची पूजा उलट्या बाजूनं करणाऱ्याला त्यांनी फोडून काढलं असतं. पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, हे त्यांना कळलं कसं नाही?

वायरी जोडून कॉम्प्युटर चालू केला. दोन्ही मॉनिटर लागले. मोठ्यावर नुसता निळा पडदा होता, डिझाइन अजून मी उघडलंच नव्हतं. उजेड पडला तसे मामा आले, खुर्चीत बसले, नाक लावून वरपासून खालपर्यंत बघितलं.

"बरोबर हाय," म्हणाले. "पाठव."

मी हळूच म्हटलं, "मामा, अजून काही उघडलं नाही मी."

त्यांनी नाक पडद्यापासून मागं घेतलं. मग म्हणाले, "गणपतीपासनं चौकोन दिसत न्हाईत. उजेड तेवढा कळतो. तुजं काम अडायला नगो म्हणून बोललो न्हाय."

घड्याळात चार वाजून गेले होते. मी फाइल माझ्या छोट्या मॉनिटरवर उघडली. "मी वाचते, तुम्ही ऐका." आणि एकेक ओळ वाचायला लागले, दोन काळे, एक पांढरा, दोन काळे, चार पांढरे.

"थांब." मामांनी डोळे मिटले होते. बोटं मांडीवर चालत होती. "चार न्हाईत, तीन. आई चवथा कदी घालत नव्हती."

मोजलं. चूक माझी होती, चारच भरले होते. दुरुस्त केलं. शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी आणखी दोन चुका काढल्या, कानानं. पाचला दहा कमी असताना फाइल गेली आणि थोड्या वेळानं कारखान्यातून फोन आला, माग सुरू झाला.

मामा उठले. जाता जाता हात पुढं करून त्यांनी मोठा मॉनिटर चाचपला.

"ह्याच्यापायी दिसभर लई तरास झाला न्हवं तुला?"

"कसला त्रास, मामा," म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले.