सिस्टरबाईंचे सात दिवस

अंगणात रानडुक्कर शिरलं की माणूस काठी शोधतो. सिस्टरबाई चष्मा शोधायच्या. मग उकरलेल्या मातीपाशी उकिडव्या बसून, खुराच्या ठशावर वीत ठेवून स्वतःलाच विचारायच्या, "कावून आले असतीन बाप्पा हे?"

सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या ह्या आमच्या शेजारीण. अमरावतीच्या टोकाला, चांदूर रस्त्यावरच्या कॉलनीत आमची दोन घरं शेवटची. मागे लगेच जंगल. 'कावून', म्हणजे 'का', हा शब्द त्यांच्या जिभेवरच बसलेला. माझं बीपी वाढलं तरी गोळीच्या आधी "कावून वाढलं?" हे आलंच. मला आधी त्याचा भारी राग यायचा.

त्या वर्षी डुकरांनी उच्छाद मांडला. आमची हळद गेली, त्यांचं सुरण उकरलं. वासाने पळतील म्हणून सलूनमधले केस पसरले, कुंपणाला जुन्या साड्या बांधल्या. चार दिवस बरे गेले, मग पहिले पाढे पंचावन्न. शेवटी आमचे हे तारेचं बंडल घेऊन आले. कुंपणात करंट सोडायचा, म्हणाले.

ऐकून सिस्टरबाई अर्धा चहा टाकून आल्या. "भाऊ, करंटनं जळालेले हात म्या धुतले हायेत. डुक्कर कोनतं अन् मानूस कोनतं, हे तार पाहात नाही. मले सात दिवस द्या."

हे हसले, पण थांबले. वायरमनला आठवड्यानंतरचं सांगितलं.

रोज सकाळी डोक्याला रुमाल बांधून बाई निघायच्या. ठसे कुठून येतात, कुठे थांबतात, बघत फिरायच्या. विष्ठासुद्धा काडीने फोडून बघायच्या. मी नाकाला पदर लावून उभी. "रिपोर्ट पायल्याबिगर औषध कसं देऊ वं?" म्हणायच्या.

पाचव्या दिवशी त्या माझ्या मागच्या दारी आल्या, आवाज एकदम खाली. डुकरं जंगलातून थेट माझ्याच भिंतीशी येत होती. तिथे रोज संध्याकाळी मी गायीसाठी उरलेला पोळी-भात ठेवायची. अन्न टाकू नये, गायीच्या मुखी जावं, ही सासूबाईंची शिकवण. सकाळी जागा स्वच्छ दिसायची आणि मला पुण्य पदरी पडल्यासारखं वाटायचं. गाय त्या बाजूला फिरकतही नव्हती.

"मी कोनाले सांगत नाही," बाई म्हणाल्या. "पन तुया हातचं त्यायले लय आवडलं वं."

मी शरमेने मेले. कॉलनीत कळलं असतं तर तोंड दाखवायची सोय नव्हती. त्यांनी अखेरपर्यंत कुणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून गाय दारात आली की मी घास हातानेच देते. पुढचे दोन दिवस अंगणात एक ठसा नव्हता. ह्यांनी वायरमनला नको म्हणून कळवलं.

यंदा उन्हाळ्यात सिस्टरबाई गेल्या. दिवाळीच्या सुमारास त्यांच्या बंद घराच्या अंगणात माती उकरलेली दिसली आणि ह्यांनी माळ्यावरून तारेचं बंडल काढलं. मी म्हटलं, "मला सात दिवस द्या."

सात लागलेच नाहीत. चष्मा लावून उकिडवी बसले तेव्हा दिसलं, मातीत बाईंचं सुरण तसंच राहिलं होतं. सगळं खणून काढलं आणि त्याची भाजी केली. घसा खवखवू नये म्हणून चिंच भरपूर घातली होती, तरी पहिल्याच घासाला मी थांबले. ह्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. कावून, ते विचारलं नाही.