टीव्ही गेमचा हिरवा दिवा

आमचे वडील एसटीत कंडक्टर होते. जाफराबादच्या भरलेल्या गाडीत दुसऱ्यांना हुकूम सोडण्यात आयुष्य गेल्यामुळं कुणाला काही विचारायची सवय त्यांना लागलीच नाही. रिटायर झाल्यावर घर हीच त्यांची गाडी झाली आणि मी व आई विनातिकीट प्रवासी.

मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. हळूहळू चालायला लागले, बोलणं तर बिलकुल कमी झालं नाही, पण उजव्या अंगठ्यात जोर येईना. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. ‘‘मी काय पाळण्यातलं लेकरू हाय का?’’ म्हणत तो त्यांनी खिडकीतून बाहेर पाठवला.

तेवढ्यात माळा आवरताना माझ्या लहानपणीचा टीव्ही गेम सापडला. वरून कॅसेट खोचायचा, पिवळा पडलेला. चालतो का म्हणून लावून बघितला, तर बाबा शेजारी येऊन बसले आणि रणगाड्यांच्या गेमचा रिमोट त्यांनी स्वतःकडं ओढून घेतला. डाव्या हातानं रणगाडा फिरवायचा, उजव्या अंगठ्यानं गोळी मारायची. गोळी काही सुटायची नाही. बाबांचा रणगाडा पडद्यावर नुसता हिंडायचा आणि मार खाऊन परत पहिल्या जागी यायचा.

‘‘फिरायलाच निघालेत ते,’’ आई म्हणायची.

मला मात्र बरं वाटायचं, कारण अंगठा बटणावर तरी होता. डॉक्टरही म्हणाले, चेंडू नको, हेच चालू द्या.

अडचण एकच होती. त्या डब्याला दिवा नव्हता. कधी टीव्हीवर नुसता निळा पडदा यायचा आणि गेम बंद आहे की टीव्हीच भलतीकडं लागलाय, हे बाबांना कळायचं नाही. मी दिवसभर जालन्याला बियाण्याच्या कंपनीत. म्हणजे आईला हाक मारणं आलं. आई यायची, पण येताना प्रश्न घेऊन यायची. ‘‘बटण बराबर सरकवलं का? वायर हलवली का?’’ सगळ्या गाडीला दम भरलेल्या माणसाला हे कसं पचावं? एक दिवस ते निळ्या पडद्यापुढं बराच वेळ बसून राहिले. संध्याकाळी मला म्हणाले, ‘‘उचल ते. मला न्हाई खेळायचं.’’ गेम सुटला की अंगठाही होता तिथंच राहणार होता.

रविवारी मी डबा उघडला. लाल एलईडी आणला होता. ‘‘लाल म्हंजे गाडी थांबली,’’ बाबा म्हणाले, ‘‘जल्दी जा, हिरवा आण.’’ गेलो, आणला. गरम खिळ्यानं झाकणाला पुढच्या बाजूला भोक पाडलं, एलईडीचे दोन पाय आतल्या तारांना सोल्डर केले, तो जळू नये म्हणून मधे एक रेझिस्टर घातला आणि मोठ्या थाटात बटण सरकवलं. अंधार.

‘‘असे मेकॅनिक डेपोत लई बघितले,’’ बाबांनी शेरा मारला.

पाय उलटे जोडले गेले होते. ते बदलले आणि हिरवा ठिपका लागला. बाबांनी कौतुकाचा एक शब्द काढला नाही, पण बटण कितीतरी वेळा चालू-बंद करून बघितलं. त्या दिवसापासून आईला हाक बंद झाली.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा असते, आणि आईच्या हिशेबानं बटण असलेली प्रत्येक वस्तू हे हत्यारच. विळा, सुरी, मिक्सर, माझी मोटारसायकल, सगळ्यांना हळदी-कुंकू लागलं. टीव्ही गेम कसा सुटेल? डब्याच्या तोंडावर तो गोल, उठावाचा ठिपका तिला कपाळासारखाच वाटला असावा. चांगलं ओलं कुंकू तिनं त्यावर थापलं.

दुपारी मी आणि आई स्वयंपाकघरात होतो. बाहेर बटणाचा खट् आवाज आला. थोड्या वेळानं परत खट्. मग काहीच नाही.

‘‘काय झालं हो?’’ आईनं विचारलं.

‘‘काही न्हाई. बिघडलं.’’ आवाजात राग नव्हता, याचीच मला भीती वाटली.

आईनं जीभ चावली. ‘‘अगं बाई! मी कुकू दिव्यालाच लावलं की.’’

मी फडकं घेऊन उठलो, तोवर बाहेर गेमचं संगीत सुरू झालं. आम्ही दोघं दारात गेलो. हिरवा दिवा चकचकीत दिसत होता, तो बघून बाबांनी टीव्हीही बरोबर लावून घेतला होता.

‘‘कुकू कुणी पुसलं?’’ आई म्हणाली.

‘‘पूजेचं कुकू मी कशाला पुसू?’’

रिमोट बाबांच्या डाव्या हातात होता. उजवा हात मांडीवर होता आणि त्याचा अंगठा नखापर्यंत लाल झाला होता. ते वाळलेलं कुंकू जोर लावल्याशिवाय निघणारं नव्हतं. आईनंही ते पाहिलं. तिचे डोळे भरून आले. माझेही. आम्ही दोघं नकळत टीव्हीच्या आड येऊन त्या अंगठ्याकडं बघत राहिलो.

‘‘पुढं सरका,’’ बाबा म्हणाले, ‘‘दिसून न्हाई राह्यलं.’’