लाल गाडीच्या तोंडी अक्षता

आमच्या घरी मोटार आली, आणि तीही साधीसुधी नाही. नगरच्या कॅम्पातल्या एका लष्करी अधिकाऱ्याची बदली झाली, त्याची ही दोन दरवाजांची, दोन कार्बोरेटरची लालभडक गाडी. एकाहत्तरच्या आसपासची गोष्ट. पाटाच्या पाण्यावर ऊस पिकवणारं, श्रीरामपूरजवळचं आमचं गाव. ट्रक-ट्रॅक्टरपलीकडे कुणी काही पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे हिला बघायला आख्खी आळी जमली. आमच्या ह्यांनी उसाच्या बिलातला आपला वाटा तिच्यात घातला होता. त्याच पैशात विहिरीवर दुसरं ऑइल इंजिन बसवायचं, असं मामंजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या मनात होतं. तेव्हा पहिल्या दिवसापासून घरात दोन पक्ष पडले. मी मोटारीच्या पक्षात.

का ते सांगते. ह्यांनी मला ती चालवायला शिकवलं. कारखाना बंद असला की उसाच्या गाड्यांचा रस्ता मोकळा पडतो, तिथं. पदर खोचून बसले, तिसरा गिअर पडला, गाडीनं अशी काही उडी घेतली की मी मोठ्यानं ओरडले. भीतीनं नव्हे, आनंदानं! लग्न होऊन आलेल्या त्या घरात माझा एवढा मोठा आवाज तोवर कुणी ऐकला नव्हता. त्या दिवसापासून माझा जीव त्या गाडीत अडकला.

पण जुनी वेगवान गाडी विकत घेणं वेगळं आणि पोसणं वेगळं. नगरचा एक मिस्त्री तिच्या सर्व्हिसिंगला यायचा. बोलण्यात भारी. "वहिनी, ही राणी हाय. राणीला राणीचाच खर्च," म्हणायचा आणि एकदम वरच्या भावाचे नवे प्लग घालायचा. रबरी नळीचं एक टोक कानात, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून, डोळे मिटून तो दोन्हींचा श्वास सारखा आहे का ते ऐके. मग स्क्रू एवढासा पिळे. ह्याला म्हणायचं ट्यूनिंग. आधीच्या मालकानं जास्त वेगाच्या हौसेनं हवा गाळायच्या जाळ्या काढून उघडे भोंगे बसवले होते, त्यामुळे बॉनेट उघडलं की दोन तोंडं आ वासलेली दिसत.

पहिलं बिल पाहून मामंजी म्हणाले, "बैल निदान शेन तरी देतो."

पण त्या ट्यूनिंगनंतर गाडी काय पळाली म्हणता! नगरहून येताना वारा कानात शिरत होता, मी गात होते आणि हे हसत होते. खर्च वसूल झाला, असं मी मनात ठरवून टाकलं.

खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली. नांगर, कोयते, विहिरीवरचं इंजिन आणि शेवटी मोटार. आत्याबाईंनी, माझ्या सासूबाईंनी, बॉनेट उघडायला लावून आतसुद्धा हळद-कुंकू वाहिलं. मी स्वतः झेंडूची माळ घातली.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याला सीमोल्लंघनाला निघायचं, तर गाडी दमेकऱ्यासारखी धापा टाकू लागली. उभी असताना उगाच ओरडे, चालताना आचके देई. मिस्त्री आला. प्लग बदलले. पुन्हा आला, पॉइंट आणि कंडेन्सर बदलले. तिसऱ्यांदा नळी लावून इतका वेळ ऐकत बसला की मला वाटलं झोपलाच. "कार्बोरेटर उघडून बघा की," मी म्हटलं. "छे छे वहिनी, ते इंग्लंडात बसवल्यालं हाय, त्ये उघडायचं नसतं!" असं म्हणून त्यानं कॉइल बदलली. ते बिल आलं त्या दिवशी मामंजी जेवले नाहीत. श्रीरामपूरचा एक कापसाचा व्यापारी गाडी मागत होता. त्यांनी त्याला निरोप धाडला, रविवारी ये, घेऊन जा. ह्यांनी मान खाली घातली. मला राग आला, दोघांचाही.

रविवारी सकाळी मी फडकं घेऊन इंजिन पुसायला बसले. विकायचीच तर चकचकीत तरी दिसू दे, असा माझा तिरसटपणा. पुसता पुसता भोंग्यात बोट घालून आत दिसणारा, वरखाली होणारा लहान दट्ट्या उचलून पाहिला. एका तोंडात तो वर गेला आणि खाली बसला. दुसऱ्यात वर गेला, पण पूर्ण खाली बसेना. बॅटरीचा उजेड पाडला. दट्ट्याखाली तांदळाचा दाणा अडकलेला. कुंकवानं लाल झालेला!

अंबाड्यातला आकडा उपसून तो दाणा काढला आणि गाडी चालू केली. काय सांगू! ती अशी गुणगुणली की मला रडू आलं. तशीच धावत स्वयंपाकघरात गेले आणि आत्याबाईंच्या पुढे तळहात उघडला.

त्या चुलीपुढून उठल्याच नाहीत. "म्याच टाकलं गं. पोळ्याला बैलाच्या तोंडी पुरनपोळी देतो न्हवं? ही बी नवी लक्षुमी. म्हटलं तोंड तर उघडं हाय, भुकेली का ठेवावी?"

त्यांचा चेहरा पाहून मी म्हणाले, "कुणाला सांगू नका. मिस्त्रीचंच काही राहिलं होतं म्हणते मी."

तेवढ्यात अंगणात व्यापारी आला. मामंजींनी चावी हातात घेतली. आणि मामंजींसमोर एरवी मोठ्यानं न बोलणाऱ्या आत्याबाई उंबरा ओलांडून थेट अंगणात गेल्या, पाहुण्यासमोर.

"गाडी चांगली हाय. तिच्या घशात म्या अक्षता घातल्या. बिलं माज्यामुळं झाली. बोलायचं त्ये मला बोला."

मी त्यांच्या मागोमाग तळहात उघडा धरून आले. मामंजींनी माझ्या हातातला दाणा घेऊन उन्हात धरला, उलटसुलट केला. मग व्यापाऱ्याला म्हणाले, "चहा घ्या पाव्हणं. गाडी काय द्यायची न्हाई."

"अहो, पण ठरलं हुतं!"

"घास घशात अडाकला म्हनून कुनी बैल इकतं का?"

व्यापारी चहा न पिताच गेला. मी आत्याबाईंना शेजारी बसवून पार पाटापर्यंत गाडी दामटली. त्या दोन्ही हातांनी सीट धरून "हळू गं, हळू गं" ओरडत होत्या, आणि पाट आल्यावर म्हणाल्या, "अजून थोडं म्होरं जाऊ."

पुढच्या खंडेनवमीला बॉनेट पुन्हा उघडलं. आत्याबाईंनी कुणी न सांगता आपला पदर दोन्ही भोंग्यांवर पसरला आणि डाव्या हातानं घट्ट धरून ठेवला. उजव्या हातानं इंजिनाला कुंकू लावलं. अक्षतांची मूठ मात्र तशीच मिटलेली.

"ह्या कुठं टाकायच्या?" मी विचारलं.

"वाक खाली," त्या म्हणाल्या, आणि मूठभर अक्षता त्यांनी माझ्या डोक्यावर टाकल्या. "चालवतीस तू न्हवं?"