झोपेचा कागद

खिडकीताईंना निवृत्त होऊन आता नऊ वर्षं झाली, पण दुपारच्या चहाला कुणी सरकारी दवाखान्याचा विषय काढला की त्यांचा कप हातातच राहतो. ती काच, काचेतलं हात जाईल एवढं भोक, खालचा गुळगुळीत झालेला लाकडी कठडा, सगळं पुन्हा समोर येतं. तेवीस वर्षं त्यांनी तिथे केसपेपर काढले. नाव, वय, तक्रार, खोली नंबर; शिक्का मारला की पुढचा. चेहरे पुसट झाले, पण त्या भोकातून आत आलेले हात त्यांना अजून आठवतात. दिवस काही फार सुखाचे नव्हते, तरी ताईंना ते हवेहवेसे वाटतात, त्याला कोण काय करणार!

अकरा नंबरच्या खोलीत मनाचे आजार बघायचे. बाहेर अशा डॉक्टरची फी ऐकूनच माणसाचा जीव घाबरा व्हायचा. इथे सगळं फुकट. अडचण एकच. तक्रार खिडकीवर सांगावी लागे, आणि मागची रांग कान टवकारून ऐके. गुडघेदुखीवाले छाती पुढे काढून सांगत, अकरा नंबरवाले मात्र भोकाशी येऊन घुटमळत. एकदा एक पोरगी रडवेली होऊन काही न सांगताच परत गेली. ताईंना दिवसभर चैन पडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून कुणी घुटमळलं की त्या आपणच मोठ्याने म्हणत, "झोप येत नाही ना? अकरा नंबर!" रकान्यात "झोप नाही", आणि शिक्का.

ही युक्ती हळूहळू सगळ्यांना कळली. माणसं भोकाशी वाकून म्हणत, "ताई, झोपेचा कागद द्या." एक आजोबा तर रांगेत उभ्या उभ्या डुलक्या काढत आणि नंबर आला की दचकून झोपेचा कागद मागत. ताई हसू दाबून लिहून देत. आपण किती जणांची अब्रू झाकली याचा त्यांना मनातून अभिमान होता, खोटं कशाला बोला!

शिंपीदादा त्यातलेच. अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडलेला हात दर पंधरा दिवसांनी आत यायचा. सहा वर्षं आला. तोवर घट्टा मऊ पडत गेला, कारण मशीन बंद होतं आणि घर चालत होतं वहिनींच्या काजं-बटणांवर. मग सरकारने मनाच्या आजारामुळे काम सुटलेल्यांना दरमहा मदत सुरू केली. अकरा नंबरच्या डॉक्टरबाईंनी दादांचा अर्ज भरला. त्या स्वतः नव्या होत्या. आधीचे तिघे डॉक्टर बदलून गेले होते आणि त्यांनी औषधांपलीकडे काही लिहून ठेवलं नव्हतं. आजार केव्हापासून, याचा पुरावा म्हणजे खिडकीवरचे केसपेपर.

अर्ज नामंजूर झाला. कागद घेऊन वहिनी खिडकीवर आल्या.

"ताई, मदतीच्या ऑफिसातले साहेब म्हणतात झोप न येण्याला मदत नसते. पण यांना तर झोपच येत नाही हो. मग दुसरं काय लिहायचं?"

ताईंच्या लक्षात आलं. रांगेसाठी रचलेलं खोटं दादांनी घरीही नेलं होतं, आणि बायकोने ते खरं मानलं होतं.

"मी लेखी देते," ताई म्हणाल्या.

हेडक्लार्कने कपाळाला हात लावला. "सहा वर्षं मुद्दाम चुकीची नोंद केली असं लिहून देणार? पेन्शन दोन वर्षांवर आलीय. आपल्या हाताने पायावर धोंडा कशाला पाडून घेता?"

"चूक माझी, मग धोंडा त्यांच्या पायावर कशाला?" असं म्हणून ताईंनी कागद ओढला आणि लिहून दिलं.

फेरतपासणीला साहेब दवाखान्यातच आले. ताईंचा जबाब वाचून त्यांनी दादांना विचारलं, "काय त्रास होतो?"

दादांनी खाली मान घातली. "झोप येत नाही, साहेब."

ताई उठून दादांसमोर जाऊन बसल्या. "दादा, सहा वर्षांत मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही. आज विचारते. काय होतं तुम्हाला?"

दादांनी अंगठ्यावरचा मऊ पडलेला घट्टा चोळला. मग दादा म्हणाले, "झोप येते. उठवतच नाही. कापड पुढ्यात असतं, पण कात्री उचलवत नाही. सकाळी डोळे उघडले की वाटतं, कशाला उघडले."

साहेबांनी ते शब्द न् शब्द उतरवून घेतले. मदत मंजूर झाली. ताईंना मेमो मिळाला, पेन्शन मात्र वाचली. त्यांच्या जिवाला लागून राहिलं ते वेगळंच. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर वहिनी नवऱ्याला विचारत होत्या, "मग घरातलं घड्याळ मी सहा वर्षं बंद कशाला ठेवलं? तुम्हाला झोप लागावी म्हणूनच ना?"

"ती टिकटिक मला बरी वाटायची."

"मग सांगायचं नाही का!"

"तू माझ्यासाठी बंद केलं होतंस," दादा म्हणाले. "कसं सांगणार?"