नंबर कुठून सुरू करायचे

आई गेली त्यानंतर मी पुण्यातलं बिऱ्हाड आवरलं आणि मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरला आप्पांकडे राहायला आले. आप्पा माझे वडील. त्यांची सगळी नोकरी जवळच्या कागद कारखान्यात झाली आणि निवृत्तीनंतर त्यांनी इथेच छोटं घर घेतलं. महाराष्ट्रात परत जाऊ म्हणायचे, पण गेले नाहीत. कंपनीने मला घरून काम करायची परवानगी दिली. मागच्या खोलीत टेबल लावलं, आप्पांनी स्वतः खिडकीला पडदा टांगला, आणि माझं ऑफिस सुरू झालं.

मी काय काम करते हे सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. आमची कंपनी एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवते. घरच्या कॉम्प्युटरची नाही. वजनकाटे, पंप, शीतगृहं अशा ठिकाणी भिंतीवर एक डबा असतो, त्याच्या आत चालणारी. डबा विकणारा वेगळा, त्यातले प्रोग्राम लिहिणारा वेगळा. आमचं नाव कुणालाच माहीत नसतं, आणि मला ते बरंच वाटायचं.

म्हणून एका दुपारी दारात अनोळखी माणूस उभा राहून म्हणाला, "डब्याच्या आतली सिस्टिम बनवणाऱ्या ताई इथेच राहतात ना?" तेव्हा मी आधी आप्पांकडेच बघितलं. तो जवळच्याच निंबोला गावचा होता. घरची केळी, शिवाय केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर. चेंबरचा डबा त्याने इंदूरच्या एका दुकानदाराकडून घेतला होता. तक्रार करून करून थकल्यावर दुकानदाराने सांगून टाकलं होतं की चूक माझी नाही, आतल्या सिस्टिमची आहे, आणि ती बनवणारी एक बाई तुमच्याच बऱ्हाणपुरात राहते.

आप्पांनी त्याला पाणी दिलं. ते न पिता तो बोलत राहिला. "ताई, लाइट जाऊन आली की पंखे चालू, गॅस चालू, सगळं चालू. पण कधी कधी टेम्प्रेचरच नाही दाखवून राहिलं. आतलं गरम झालं का थंड, मले काय माहीत? एक खोली पुरी नरम पडली. व्यापारी हात लावायला तयार नाही."

"कधी कधी म्हणजे?"

"कधी कधी म्हणजे कधी कधी! नेहमी झालं असतं तर मी तो डबाच फेकून दिला असता."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या चेंबरवर गेले. दिवसभर आम्ही मेन स्विच बंद करायचो, पुन्हा चालू करायचो आणि डबा सुरू होण्याची वाट बघायचो. बाहेर केळी भरायचे प्लास्टिकचे कॅरेट धुवून उन्हात लावलेले होते, गाडी भरणारे लोक आमच्याकडे बघून हसत होते. बहुतेक वेळा सगळं सुरळीत व्हायचं. त्याचा चेहरा पडायचा. आता ही म्हणेल की काही बिघाडच नाही. अखेर चार वाजायच्या सुमारास एकदा पडद्यावर तापमानाच्या जागी नुसत्या रेघा आल्या. "बघा!" तो ओरडला, जणू आनंदाची बातमी होती.

कारण सापडायला मग वेळ लागला नाही. यंत्रातल्या प्रत्येक प्रोग्रामला दुसऱ्याशी बोलायला एक नंबर लागतो, त्याला पोर्ट म्हणतात. काही प्रोग्राम आपला नंबर पक्का धरून बसतात, म्हणजे त्यांना शोधणाऱ्याला ते सापडतात. बाकीच्यांना बाहेर बोलायचं असेल तेव्हा सिस्टिम आपल्याकडचा एक मोकळा नंबर तात्पुरता देते. कुठून कुठपर्यंतचे नंबर असे वाटायचे, हे सिस्टिम बनवताना आधीच ठरलेलं असतं. आमच्यात ते बत्तीस हजार सातशे अडुसष्टपासून सुरू व्हायचे, खालून वर, ओळीने. आणि तापमानाच्या प्रोग्रामने स्वतःसाठी पक्का धरलेला नंबर होता बत्तीस हजार सातशे पंचाहत्तर. लाइट आल्यावर इंदूरला माहिती पाठवणारा दुसरा प्रोग्राम आधी जागा व्हायचा. इंटरनेट यायला उशीर झाला की तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा, दर वेळी पुढचा नंबर घेऊन. कधी त्याची जोडणी नेमकी पंचाहत्तरवर व्हायची. मग तापमानवाला येऊन बघतो तर त्याची जागा गेलेली. तो मुकाट बंद पडायचा.

मी पुण्याला आमच्या सरांना फोन केला. सिस्टिमचा हा भाग पूर्वी त्यांनीच लिहिला होता.

"चूक त्या प्रोग्रामवाल्यांची आहे," सर म्हणाले. "वाटायच्या नंबरांमध्ये येऊन कुणी पक्की जागा धरतं का?"

"वाटायचे नंबर कुठून सुरू होतात, हे त्यांना कुणी सांगितलं होतं?"

"माहितीपुस्तकात आहे."

"सर, मला स्वतःला ते शोधायला लागलं."

यावर ते नुसतं "हं" म्हणाले. मी विचारलं, "तुम्ही बत्तीस हजारच का निवडलेत?"

"निवडले कुठे? दुसऱ्या एका सिस्टिममध्ये होते, ते उचलले. त्या आठवड्यात अशा चाळीस गोष्टी ठरवायच्या होत्या गं." मग म्हणाले, "बदलायचं असेल तर बदल. पण तू ठरव. मला आता कुणाशी वाद घालायचा नाही."

मला वाटलं होतं, एक ओळ बदलायची आहे. एकोणपन्नास हजार एकशे बावन्नपासून वरचे सगळे नंबर तात्पुरत्या कामासाठी मोकळे ठेवावेत, असा जगभरात संकेत आहे. तिथे पक्कं घर कुणी बांधत नाही. मी तो प्रस्ताव सगळ्यांना पाठवला आणि त्याच दिवसापासून फोन सुरू झाले. एका मोठ्या ग्राहकाची यंत्रं एका वेळी हजारो ठिकाणी बोलायची. वाटायचे नंबर कमी झाले तर त्यांना पुरणार नव्हते. दुसऱ्याच्या सुरक्षेच्या भिंतीत, म्हणजे फायरवॉलमध्ये, फक्त जुनेच नंबर उघडलेले होते, ती भिंत बदलायला त्यांच्याकडे वर्ष लागतं. तिसरा म्हणाला, नंबर ओळीने न देता कसेही द्या, टक्कर क्वचित होईल. मी म्हटलं, होईल क्वचित, पण झाली की कुणाला सापडणार नाही. निंबोल्यात मला ती एका दिवसात दिसली ती ओळीने वाटत होतो म्हणूनच.

प्रत्येकाचं म्हणणं बरोबर होतं. त्याचाच जास्त थकवा यायचा. खोटं बोलणारा एखादा असता तर त्याच्याशी भांडून मोकळी झाले असते.

आप्पांना कमी ऐकू येतं, तरी माझा आवाज स्वयंपाकघरापर्यंत जात असणार. एकदा जेवायला हाक मारायला आले आणि दारातच थांबले.

"दिवसभर कोणाशी भांडून राहिली?"

मी जमेल तसं समजावलं. ते नीट ऐकत होते, मध्ये मान हलवत होते.

"म्हणजे तू हे ठरवलं की सगळ्यांचं नीट होईल?"

"नाही आप्पा. आत्ता ज्यांचं बिघडतंय त्यांच्याऐवजी दुसऱ्या कुणाचं तरी बिघडेल. थोड्या कमी लोकांचं."

"मग?"

"मग काही नाही."

"भात निवून राहिला," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने वाढताना, "तुझी आई असती तर तिला समजलं असतं. मला नाही समजलं पूर्ण."

मला रडू आलं. आईलाही समजलं नसतं, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं.

शेवटी ठरलं ते असं: नव्या सिस्टिममध्ये नंबर वरचे, एकोणपन्नास हजारांपासूनचे. मोठ्या ग्राहकाला हवं तर त्याने आपल्या नंबरांची हद्द स्वतः वाढवून घ्यावी. आणि जी यंत्रं आधीच कुठे कुठे भिंतींवर चालू आहेत, त्यांना हात लावायचा नाही. चालत्या यंत्राची सवय बदलली तर काय काय बंद पडेल, सांगता येत नाही. ही शेवटची अट मीच घातली. घालावीच लागली.

निंबोल्याचा डबा जुनाच होता. त्याला नव्या निर्णयाचा काहीच उपयोग नव्हता. मी पुन्हा तिथे गेले आणि त्याच्या सेटिंगमध्ये हाताने एक ओळ घातली: पंचाहत्तर कुणालाही देऊ नको. चेंबरमधून थंड, गोडसर वास येत होता. आम्ही पुन्हा स्विचचा खेळ केला, संध्याकाळपर्यंत. रेघा आल्या नाहीत.

मी त्याला सगळं खरं सांगितलं. तो कॅरेटवर बसून ऐकत होता.

"म्हणजे जो आता नवीन घेईल, त्याचं आपोआप होईल. आणि मी बोंबललो, तर मला हातानं?"

"हो."

"असे डबे अजून किती असतील?"

"माहीत नाही. दुकानदाराला मी कळवलंय, सगळ्यांना ही ओळ घालून द्या म्हणून."

"तो देईल?"

मी माझी बॅग आवरायला घेतली. तो हसला, रागाने नाही. "चला, माझं तर झालं ताई," म्हणाला आणि मला मोटारसायकलवरून हायवेपर्यंत सोडलं. पुढे रिक्षा मिळाली.

दुकानदाराचं उत्तर आजवर आलेलं नाही. मी दोनदा आठवण केली. नवी सिस्टिम बाहेर पडल्यावर तक्रारी कमी झाल्या, असं सर म्हणतात. माझ्याकडे मात्र त्या येत राहतात, आता वेगळ्या. ज्यांच्या सुरक्षेच्या भिंतीत जुनेच नंबर उघडे होते, त्यांनी नवी यंत्रं घेतली आणि ती बाहेर बोलेनात. एका बाईने फार नम्रपणे लिहिलं होतं: हे बदलण्यामागे काय विचार होता, कळेल का? मी तिला सविस्तर उत्तर दिलं. उत्तर लिहिताना निंबोल्याचं नाव घातलं, मग खोडलं. तिला त्याचं काय.

परवा दुपारी जेवण झाल्यावर डोकं जड झालं म्हणून जरा आडवी झाले. बाहेर टेबलावर फोन वाजत राहिला. आप्पांनी तो उचलला, आणि ऐकू येत नसल्याने मोठ्याने बोलले, "कोण? पुण्याहून? हां. ती झोपली आहे. नाही, उठवणार नाही. कल करा, कल. उद्या."

मी जागीच होते. उठून फोन घेता आला असता. कूस बदलली आणि डोळे मिटून घेतले.